चिल्ड वॉटर पंप क्रमांक २ च्या वारंवार ट्रिपचा शोध : प्रकल्प नोंदी

४ मे

प्लांट रूममध्ये थंड पाणी फिरवणारे दोन पंप असून त्यांपैकी एक चालू असतो आणि दुसरा राखीव ठेवला जातो. दोन्ही मोटर २२ किलोवॅटच्या, चार पोलच्या, ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालणाऱ्या आहेत, त्यांची नेमप्लेटवरील पूर्ण भाराची धारा ४० अँपिअर आहे आणि प्रत्येकीला स्वतंत्र स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी धारेच्या स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा) आहे. पंप क्रमांक २ गेले काही आठवडे अधूनमधून ओव्हरलोड रिलेवर, म्हणजे धारा जादा झाल्यास मोटर बंद करणाऱ्या संरक्षक उपकरणावर, ट्रिप होतो, म्हणजे आपोआप थांबतो. पाळीवरचा तंत्रज्ञ रिले थंड होऊ देतो, रीसेटचे बटण दाबतो, पंप पुन्हा सुरू होतो आणि वहीत ‘ट्रिप, रीसेट केले’ एवढीच ओळ लिहिली जाते. या ओळीतून दोषाबद्दल काहीही कळत नाही, म्हणून हे काम स्वतंत्र प्रकल्प म्हणून हाती घेतले आहे.

आजपासून लागू केलेला पहिला नियम असा की, ट्रिपनंतर रीसेट करण्याआधी वेळ, रिलेचे सेटिंग, पॅनेलच्या आतील तापमान आणि खोलीचे तापमान नोंदवायचे. त्याचबरोबर दुपारी बारापासून दर तासाला तिन्ही फेजची धारा क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती पकडायच्या मीटरने) मोजायची. ट्रिप होऊन मोटर थांबली की धाराही थांबते आणि त्या क्षणाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा नाहीसा होतो, त्यामुळे मोजमाप ट्रिपच्या आधीच हाती असणे आवश्यक आहे.

५ मे

जुनी नोंदवही तपासली. जवळपास सर्व ट्रिप दुपारच्या आहेत आणि एकही ट्रिप पंप सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतील नाही. सुरू होताना धारा जास्त असते, तेव्हा रिले टिकतो आणि काही तास सुरळीत चालल्यानंतर मात्र तो उघडतो. जाम झालेला पंप किंवा सुरू होतानाच गेलेला एखादा फेज हे संशय त्यामुळे मागे पडतात आणि हळूहळू साठणाऱ्या उष्णतेकडे लक्ष जाते.

रिलेचे सेटिंग २६ अँपिअरवर आढळले. या स्टार्टरमध्ये रिले मुख्य कॉन्टॅक्टरच्या (मोटरची धारा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचच्या) खाली बसवलेला असल्याने त्यातून लाइनची पूर्ण धारा जात नाही. त्यातून वाइंडिंगची (मोटरमधील तारेच्या वेटोळ्यांची), म्हणजे लाइनच्या सुमारे ५८ टक्के धारा जाते. ४० अँपिअरच्या मोटरसाठी योग्य सेटिंग ४० × ०.५८, म्हणजे २३.२ अँपिअर होते. ते २६ वर कोणी व केव्हा नेले याची वहीत नोंद नाही. परंतु मध्ये काही आठवडे ट्रिप पूर्ण बंद होत्या आणि नंतर पुन्हा सुरू झाल्या, यावरून सेटिंग वाढवून तात्पुरता आराम मिळवला गेला असावा असे दिसते.

हा आराम महागात पडू शकतो. २६ अँपिअरचे सेटिंग म्हणजे लाइनवर ४५ अँपिअर. मोटर १२ टक्के जादा धारेवर चालत राहिली तरी रिले गप्प राहील, आणि तांब्यातील तोटा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वाइंडिंगमधील उष्णता सुमारे २५ टक्क्यांनी वाढेल. इन्सुलेशनचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. सेटिंग आजच २३.२ वर आणले. ट्रिप वाढतील याची कल्पना पाळीवरील सर्वांना दिली आहे, कारण मोटर जळण्यापेक्षा पंप थांबलेला परवडतो.

६ मे

दुपारी अडीच वाजताची मोजमापे पुढीलप्रमाणे आहेत. लाइनची धारा आर फेजमध्ये ३६.८, वाय फेजमध्ये ३७.१ आणि बी फेजमध्ये ३६.५ अँपिअर. रिलेमधून जाणारी धारा तिन्ही पोलमध्ये (प्रत्येक फेजच्या मार्गात) २१ ते २१.५ अँपिअर. पॅनेलच्या इनकमरवरील (पुरवठा आत येतो त्या मुख्य स्विचवरील) तिन्ही लाइन व्होल्टेज ४१२ ते ४१५ च्या दरम्यान. म्हणजे सरासरीपासूनचा सर्वांत मोठा फरक अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी.

व्होल्टेजचा समतोल मुद्दाम पाहिला. पुरवठ्यात थोडा असमतोल असला तरी मोटरच्या धारेतील असमतोल त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो आणि नेहमी ट्रिप होणाऱ्या मोटरमध्ये हा संशयित कधीही वगळता येत नाही. येथे मात्र तो निर्दोष ठरला.

पावणेचार वाजता पंप ट्रिप झाला. त्याआधी पंधरा मिनिटांपूर्वी घेतलेली धारा ३७ अँपिअरच होती, म्हणजे नेमप्लेटच्या बरीच आत. मोटरवर ओव्हरलोड नाही, पंप अवाजवी पाणी ओढत नाही आणि तरीही ओव्हरलोड रिले उघडतो. आजच्या दिवसाची ही सर्वांत मोलाची नोंद आहे. खोलीचे तापमान ३६ अंश आणि पॅनेलच्या आतील तापमान ५१ अंश होते. दारावरील हवेच्या जाळीचा फिल्टर धुळीने पूर्ण भरलेला आढळला. तो लगेच बदलला.

७ मे

रिलेच बिघडला आहे, असे मत चर्चेत पुढे आले. ते तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग अदलाबदलीचा आहे. पंप १ च्या पॅनेलमधील त्याच बनावटीचा आणि त्याच रेंजचा रिले पंप २ च्या पॅनेलमध्ये बसवला, २३.२ वर सेट केला आणि वाट पाहिली. दुपारी साडेचारला तोही ट्रिप झाला. दोष रिलेबरोबर गेला नाही, तो पॅनेलमध्येच राहिला.

काढलेल्या रिलेची टेबलावर करंट इंजेक्शन संचाने चाचणी केली. तो क्लास १० चा आहे. सेटिंगच्या १.०५ पट धारेवर दोन तास तो उघडू नये, त्यानंतर १.२ पट धारेवर दोन तासांच्या आत उघडावा आणि ७.२ पट धारेवर थंड अवस्थेतून ४ ते १० सेकंदांत उघडावा, अशी आयईसी ६०९४७-४-१ या मानकाची अपेक्षा आहे. तिन्ही कसोट्यांवर तो खरा उतरला.

चांगला रिले या पॅनेलमध्ये चुकीचा का वागतो, याचे उत्तर रिलेच्या रचनेत आहे. हा रिले अँपिअर मोजत नाही. त्यातील बायमेटलची (दोन धातू जोडलेली) पट्टी धारेने तापते, वाकते आणि पुरेशी वाकली की संपर्क उघडते. ती उष्णता मोटरच्या धारेतून आली की शेजारच्या ढिल्या जोडातून तांब्यामार्फत वाहत आली, हे पट्टीला ओळखता येत नाही. सभोवतालच्या तापमानासाठी रिलेमध्ये भरपाईची व्यवस्था असते, परंतु ती संपूर्ण रिलेभोवतालच्या हवेसाठी असते, एकाच पोलच्या टर्मिनलमधून शिरणाऱ्या उष्णतेसाठी नसते.

८ मे

आज जोड तपासले. पॅनेल चालू असताना हे काम करावे लागते. त्यामुळे दोन माणसे, इन्सुलेटेड हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि या व्होल्टेजसाठी योग्य श्रेणीचा मीटर यांशिवाय दार उघडायचे नाही, असे कामाच्या परवानगीपत्रातच लिहिले.

थर्मल कॅमेऱ्यात रिलेच्या आर आणि वाय टर्मिनलजवळ ५८ आणि ५९ अंश, तर बी टर्मिनलजवळ ९४ अंश दिसले. एक खबरदारी येथे लिहून ठेवणे गरजेचे आहे : चकचकीत तांबे किंवा टिनचा लग (वायरच्या टोकावरचा धातूचा जोड) कॅमेऱ्याला प्रत्यक्षापेक्षा थंड दिसतो, कारण अशा पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता फार कमी असते. म्हणून तापमान नेहमी वायरच्या इन्सुलेशनवर किंवा आधीच चिकटवलेल्या काळ्या टेपवर वाचले. भारही पुरेसा हवा, निदान ४० टक्के. जोडातील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे निम्म्या भारावर ती एक चतुर्थांशच उरते आणि वाईट जोडही निरोगी दिसतो.

कॅमेऱ्याने जागा दाखवली, पण निर्णायक पुरावा मिलिव्होल्टने दिला. मुख्य कॉन्टॅक्टरच्या खालच्या टर्मिनलपासून रिलेच्या पिनपर्यंत, चालू धारेवर, आर पोलवर ८ मिलिव्होल्ट, वाय पोलवर ९ मिलिव्होल्ट आणि बी पोलवर ४६० मिलिव्होल्ट पडत होते. २१ अँपिअरला ४६० मिलिव्होल्ट म्हणजे जवळजवळ १० वॉट. हा आकडा लहान वाटतो. तथापि ती उष्णता नखाएवढ्या जागेत दिवसभर तयार होते आणि थेट बायमेटलच्या पट्टीकडे जाते. मोटरला मिळणारे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने कमी होऊन काहीच बिघडत नाही, म्हणूनच इनकमरवर किंवा मोटरच्या टोकाशी मोजून हा दोष कधीही सापडला नसता.

दुरुस्तीसाठी पंप २ पूर्ण बंद करावा लागेल आणि तोपर्यंत सर्व भार पंप १ ने घ्यायचा आहे. तो उद्या चाचणीसाठी चालवण्याचे ठरवले.

९ मे

अदलाबदलीतील रिले आपापल्या जागी परत बसवून पंप १ सुरू केला आणि मोटरच्या कपलिंगकडील (मोटर आणि पंप यांचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाकडील) बाजूने दळल्यासारखा आवाज आला. कंपन ५.२ मिलिमीटर प्रति सेकंद आरएमएस होते. १५ ते ३०० किलोवॅटच्या, कडक पायावरील यंत्रांसाठी आयएसओ १०८१६-३ या मानकात (२०२२ मध्ये त्याची जागा आयएसओ २०८१६-३ ने घेतली) ४.५ च्या वरचा भाग हा नुकसानकारक विभाग मानला होता. पंप थांबवला. राखीव यंत्र म्हणून ज्याच्यावर भरवसा होता तो पंप भार घेण्यास योग्य नव्हता, ही बाब मूळ दोषापेक्षा गंभीर आहे असे माझे मत आहे.

पंप २ ला तोपर्यंत चालवावेच लागेल. नवीन फिल्टरमुळे पॅनेलच्या आतील तापमान ४४ अंशांपर्यंत उतरले आहे. बी टर्मिनलचे तापमान दर दोन तासांनी, त्याच पूर्ण खबरदारीने, तपासायचे आणि ते १०० अंशांच्या वर गेल्यास पंप थांबवून इमारतीचा काही भाग शीतकरणाविना ठेवायचा, असे लेखी ठरवले.

११ मे

पंप १ ची मोटर उघडली. कपलिंगकडील ६३१० क्रमांकाच्या बेअरिंगच्या रेसवर (गोळे फिरतात त्या कड्यावर) समान अंतरावर बारीक खाचा होत्या आणि त्यांचे अंतर गोळ्यांमधील अंतराशी तंतोतंत जुळत होते. खाचांभोवतीच्या ग्रीसमध्ये लालसर तपकिरी भुकटी होती. बेअरिंग जास्त फिरल्याची ही खूण नाही, ती न फिरल्याची खूण आहे.

दोन्ही पंप एकाच काँक्रीटच्या चौथऱ्यावर आहेत. पंप २ महिनोन् महिने चालत राहिला, त्याचे कंपन चौथऱ्यातून आणि पाइपमधून थांबलेल्या पंप १ पर्यंत पोहोचत राहिले. थांबलेल्या बेअरिंगमध्ये गोळे एकाच जागी सूक्ष्म प्रमाणात हलत राहतात, संपर्काच्या ठिकाणचे ग्रीस बाजूला सरते, नवे ग्रीस तेथे येत नाही आणि धातूवर धातू घासून त्या जागी खाच पडते. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. पंप १ ची इन्सुलेशन चाचणी आणि ग्रीस भरणे वेळापत्रकाप्रमाणे होत होते. ग्रीस भरूनही हा दोष टळत नाही, कारण शाफ्ट फिरल्याशिवाय ते संपर्काच्या जागी पोहोचत नाही.

दोन्ही बाजूंचे बेअरिंग बदलले. नवे बेअरिंग इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवले. हातोड्याचा वापर केला नाही, आणि जोर फक्त आतल्या रिंगवरच येईल याची काळजी घेतली. जुने ग्रीस पूर्ण काढले, कारण पॉलियुरियाचे आणि लिथियमचे ग्रीस एकमेकांत मिसळल्यास बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जाते आणि आधी कोणते भरले होते याची खात्री नव्हती. मोटर परत बसवताना पायांखाली डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल केला. एका पायाशी ०.१८ मिलिमीटर उचल दिसली. तेवढ्या जाडीचा शिम (धातूचा पातळ तुकडा) टाकल्यावर ती ०.०३ वर आली आणि त्यानंतरच कपलिंगचे अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणे) केले. हा क्रम उलटा केला तर अलाइनमेंट बोल्ट आवळताच बिघडते.

पुन्हा चालवल्यावर कंपन १.३ मिलिमीटर प्रति सेकंद आले.

१२ मे

भार पंप १ वर घेऊन पंप २ बंद केला. आयसोलेटर उघडून कुलूप आणि टॅग लावला. व्होल्टेज नसल्याची खात्री करण्याआधी आणि केल्यानंतर मीटर चालू स्रोतावर तपासला, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

रिले बाहेर काढल्यावर चित्र स्पष्ट झाले. कॉन्टॅक्टरच्या बी टर्मिनलचा स्क्रू पाऊण फेरा सैल होता, रिलेची पिन निळसर काळी पडली होती आणि शेजारचे प्लॅस्टिक पिवळे होऊन ठिसूळ झाले होते. रिलेच्या खालील बाजूस मोटरकडे जाणाऱ्या वायरचे काही धागे कापून ती टर्मिनलमध्ये बसवलेली होती. धागे कमी झाल्याने उरलेल्या तांब्यावर धारेचा ताण वाढतो आणि स्क्रूखाली पकडही असमान राहते. दररोजच्या तापण्या-निवण्यात तांबे थोडेथोडे दबत जाते, पकड सैल होते, रोध वाढतो आणि वाढलेला रोध आणखी उष्णता निर्माण करतो. हे चक्र स्वतःहून थांबत नाही.

अशा जोडाचा स्क्रू नुसता आवळून काम संपवण्याचा मोह होतो. तसे केले नाही, कारण तापून रंग बदललेल्या धातूवर ऑक्साइडचा थर असतो आणि टर्मिनलच्या स्प्रिंगचा ताण गेलेला असतो. मुख्य कॉन्टॅक्टर आणि रिले दोन्ही बदलले. वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापली, योग्य मापाचा फेरूल (वायरच्या टोकावरची धातूची नळी) दाबला, सर्व स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळले आणि प्रत्येकावर रंगाची रेघ ओढली. पुढे स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

मोटरची सहाही टोके सोडलेली असल्यामुळे इन्सुलेशन चाचणी त्याच वेळी उरकली. ५०० व्होल्टवर एका मिनिटाला ३२० मेगओहम आणि दहा मिनिटांना ८६० मेगओहम, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स (या दोन आकड्यांचे गुणोत्तर) २.७. आयईईई ४३ मध्ये अशा मोटरसाठी ४० अंशांना किमान ५ मेगओहम आणि इंडेक्स किमान २ अपेक्षित आहे. तिन्ही वाइंडिंगची एकमेकांविरुद्धची मोजमापेही समाधानकारक आली. वाढीव सेटिंगच्या काळात वाइंडिंगला इजा झाल्याचे दिसत नाही. चाचणीनंतर वाइंडिंग जमिनीशी जोडून पुरेसा वेळ डिस्चार्ज केली.

पंप २ ची यांत्रिक बाजू उघडली नाही. बंद करण्याआधी त्याचे कंपन १.७ होते आणि बेअरिंगचा आवाज स्वच्छ होता. निरोगी जोडणी केवळ संधी मिळाली म्हणून उघडली तर घाण, चुकीचे अलाइनमेंट आणि नवे दोष आत येतात.

१३ मे

डेल्टा कॉन्टॅक्टरचे टोक तपासताना तिन्ही पोलवर खोल खड्डे आढळले. त्याचा ट्रिपशी थेट संबंध नाही, पण कारण शोधणे आवश्यक होते. स्टारमधून डेल्टात जाण्याचा टायमर ४ सेकंदांवर होता. सुरुवातीची धारा नोंदवणाऱ्या क्लॅम्प मीटरने पाहिले असता स्टारमधील धारा सुमारे साडेसहा सेकंदांनंतरच खाली येते. म्हणजे मोटरने पुरेसा वेग घेण्याआधीच ती डेल्टात ढकलली जात होती आणि स्टारमुळे एक तृतीयांशवर आणलेला धक्का प्रत्येक वेळी डेल्टा कॉन्टॅक्टरच्या टोकांवर पुन्हा येत होता. कॉन्टॅक्टर बदलला, टायमर ८ सेकंदांवर ठेवला आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून सुरू करण्याची सूचना पॅनेलवर लावली.

१५ मे

पंप २ ची दुपारची मोजमापे : तिन्ही पोलवरील मिलिव्होल्ट ८, ८ आणि ९. टर्मिनलजवळचे तापमान ५१ ते ५३ अंश. पॅनेलच्या आत ४३ अंश. लाइनची धारा पूर्वीइतकीच, ३७ अँपिअर. रिले २३.२ वर. ट्रिप नाही.

२६ मे

या काळातील सर्वांत उष्ण दुपारी खोलीत ३९ अंश असताना पंप २ दिवसभर चालला, ट्रिप झाली नाही. रंगाच्या रेघा जागेवर आहेत. नवे फेरूल सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून टॉर्क पुन्हा तपासला. एकाही स्क्रूला हालचाल नव्हती.

वेळापत्रकात दोन बदल मंजूर झाले. दोन्ही पंप आता दर आठवड्याला आळीपाळीने चालवायचे, आणि एखादा पंप दुरुस्तीमुळे जास्त काळ थांबणार असेल तर त्याचा शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या कोनात थांबवायचा. दुसरा बदल तपासणीपत्रकाचा आहे. ‘टर्मिनल घट्ट आहेत’ या ओळीसमोर आजवर बरोबरची खूण केली जात असे आणि ती खूण गेल्या तपासणीतही पंप २ समोर आहे. आता त्या जागी प्रत्येक पोलचे मिलिव्होल्ट, त्या वेळची धारा आणि टर्मिनलचे तापमान असे तीन आकडे लिहायचे आहेत. रिलेचे सेटिंग बदलल्यास जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि सही यांसाठी वेगळा रकाना जोडला आहे.

९ जून

त्याच पद्धतीने उरलेले स्टार-डेल्टा स्टार्टर तपासले. कूलिंग टॉवरच्या एका पंख्याच्या पॅनेलमध्ये वाय पोलवर ९५ मिलिव्होल्ट आढळले. तेथे अजून एकही ट्रिप झालेली नाही आणि टर्मिनल शेजारच्या पोलांपेक्षा केवळ ७ अंशांनी गरम आहे. धागे पुन्हा कापलेलेच होते, त्यामुळे ही वायरिंग एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने झाली असावी. त्या जोडाची दुरुस्ती आज केली. हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रांच्या पॅनेलमधील वायरची टोके याच कारणासाठी उघडून पाहायची आहेत आणि ते काम पुढील मासिक बंदच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घेतले आहे.